रातोरात वाढतो तो स्मृतिभ्रंश नव्हे

स्मृतिभ्रंशाची सोबत : लेखांक ९

‘आईचं विसरणं परवापासून एकदमच वाढलंय हो,’ असं सांगत नातेवाईक आले, की जाणता डॉक्टर आधी लघवी, खोकला आणि पोट यांची चौकशी करतो. नातेवाइकांना हे विषयांतर वाटतं, पण तसं ते नसतं. अल्झायमरसारखा आजार महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतो. परवापर्यंत स्वतःच्या हाताने वरणभात कालवून खाणारी बाई आज घास तोंडात धरून बसते, भिंतीकडे बघून कुणाशी तरी बोलते, अंगावरची चादर ओढत राहते. एवढा फरक दोन दिवसांत पडला असेल, तर शरीरात काहीतरी नवीन बिघडलं आहे असंच धरून चालावं. पुष्कळदा तो मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग असतो.

गेल्या आठवड्यात आपण घरातल्या संध्याकाळच्या घालमेलीबद्दल बोललो. आजचा विषय स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला अशा संसर्गासाठी हॉस्पिटलात ठेवावं लागतं तेव्हाचा.

मेंदूत काय होतं?

डॉक्टर या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. जुन्या पिढीच्या तोंडी ‘वातात बरळतोय’ हे असायचं, ते बऱ्याचदा हेच. जंतूंशी लढताना शरीरात दाह वाढवणारी रसायनं तयार होतात आणि त्यांचे परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतात. त्यात ताप, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम खाली जाणं, झोपमोड यांची भर पडते. धडधाकट मेंदू हे पुष्कळसं पेलतो. स्मृतिभ्रंशाने पोखरलेल्या मेंदूचं मात्र महिनाअखेरीच्या संसारासारखं असतं. रोजचं कसंबसं भागतं, पण गाठीला काही नसतं, त्यामुळे अचानक आलेला खर्च सगळी घडी विस्कटून टाकतो.

डिलिरियमची एक तऱ्हा सगळ्यांच्या लक्षात येते. माणूस ओरडतो, उठून पळू बघतो, सलाईन उपसतो. दुसरी तऱ्हा गुपचूप येते. माणूस नुसता पडून राहतो, हाकेला अर्धवट ओ देतो, पुन्हा गुंगतो. ‘आज किती शांत आहेत ना आजोबा!’ असं म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि दिवस वाया जातो. दोन्ही तऱ्हांमध्ये सारखाच चढउतार असतो. सकाळच्या राउंडला पेशंट नीट उत्तरं देतो आणि रात्री दहाला त्याला स्वतःचं घर कुठे आहे हेही सांगता येत नाही.

वार्धक्यात संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. जेवण तुटणं, तोल जाणं, दिवसभर झोपून राहणं, श्वास भरभर चालणं, एरवी कपडे ओले न करणाऱ्याने ते करणं, ही लक्षणं तापाइतकीच बोलकी आहेत.

कॅज्युअल्टीत काय सांगायचं?

एडिंबरात तयार झालेली ‘फोर-ए-टी’ नावाची एक छोटी चाचणी आहे. दोनेक मिनिटांत होते. पेशंट जागा आणि सावध आहे का, वय-जन्मतारीख-ठिकाण-वर्ष सांगतो का, महिने उलट्या क्रमाने म्हणतो का, एवढं पाहतात. चौथा प्रश्न असतो : हा बदल अचानक झाला का, त्यात चढउतार आहे का? एकूण गुण १२, आणि ४ किंवा जास्त आले तर डिलिरियमचा संशय घ्यायचा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या एकाच प्रश्नाचे ४ गुण होतात. म्हणजे बाकी काही न कळताही डॉक्टर सावध होतो. आणि या प्रश्नाचं उत्तर रक्त तपासून मिळत नाही. कालचा पेशंट ज्याने पाहिलाय, त्यालाच ते ठाऊक असतं.

म्हणून कॅज्युअल्टीत ‘त्यांना डिमेन्शिया आहे’ एवढंच सांगून थांबू नये. तेवढं ऐकलं की समोरचा सगळा गोंधळ जुन्या आजाराच्या खात्यावर टाकण्याचा मोह कुणालाही होतो. त्याऐवजी असं सांगावं : ‘बाबांना चार वर्षांपासून अल्झायमर आहे. पण रविवारपर्यंत ते स्वतः जेवत होते, आधाराशिवाय चालत होते, मला नावाने हाक मारत होते. सोमवारी रात्रीपासून हे असं झालंय आणि लघवी कमी होतेय.’ वाक्यं साधी आहेत, पण तपासाची दिशा त्यांनी ठरते.

सोबत घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्यावीत. रोजच्या गोळ्या, आणि त्याबरोबर सर्दी-खोकल्याचं सिरप, अॅलर्जीची गोळी, शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळीसुद्धा. यांतली काही औषधं वृद्धांचा गोंधळ एकट्याच्या बळावर वाढवू शकतात. पेशंटला पार्किन्सन्स किंवा लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असेल, तर ते ठळक अक्षरांत फाइलवर लिहून घ्यावं. पेशंटला आवरण्यासाठी वापरलं जाणारं हॅलोपेरिडॉल या आजारांत घातक ठरू शकतं.

एक सावधगिरी आणखी. संसर्ग नसतानाही पुष्कळ वृद्धांच्या लघवीत जंतू सापडतात. त्यामुळे युरीनचा रिपोर्ट आला आणि कारण सापडलं, असं नेहमी होत नाही. सोडियम, साखर, ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ आणि कुठलं दुखणं हेही पाहिलंय ना, हे नम्रपणे पण जरूर विचारावं.

खाटेजवळची कामं

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शेरॉन इनूये आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांना तिच्या जोडीला काही साध्या गोष्टी मिळाल्या : तारीख-वार-ठिकाण पुन्हा पुन्हा सांगणं, चष्मा आणि कानाचं यंत्र, पाणी, थोडं चालणं, रात्री गोळीऐवजी कोमट पेय आणि पाठीला मालिश. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. मात्र एकदा डिलिरियम झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता फारशी कमी झाली नाही. म्हणून ही कामं दाखल झाल्याच्या पहिल्या दिवसापासूनच करायची.

आता प्रत्यक्षात. हातात सुई टोचलेली असते, तिला नळी जोडलेली असते. आपल्या लेखी ते सलाईन आहे. आजोबांच्या लेखी हाताला काहीतरी चिकटलंय आणि ते सोडवायला हवं. ‘काढू नका, काढू नका’ हे त्यांना दोन मिनिटंही आठवत नाही. सिस्टरांना सांगून सुईवर बँडेज गुंडाळून घ्यावं, वर पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, नळी पाठीमागून नजरेआड न्यावी. हातांना दुसरं काम द्यावं : घड्या घालायला नॅपकिन, ओढायला जपमाळ. हात खाटेला बांधल्याने भीती आणि धडपड दोन्ही वाढतात, इजाही होते. म्हणून बांधण्याआधी बाकी सगळं करून पाहिलंय का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

लघवीची नळी तर दुहेरी त्रासाची. ती आतल्या फुग्याने अडकवलेली असते. पेशंटने ओढली तर रक्तस्राव होतो, आणि जितके दिवस राहील तितका नवा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. रोजच्या राउंडला ‘आज काढता येईल का?’ एवढं विचारावं.

बोलताना परीक्षा घेऊ नये. ‘ओळखा पाहू मी कोण?’ हा भेटायला येणाऱ्यांचा लाडका प्रश्न आहे, आणि पेशंटला तो रडकुंडीला आणतो. त्याऐवजी आपणच सांगून टाकावं : ‘बाबा, मी तुमची धाकटी सून. आपण दवाखान्यात आहोत. छातीत कफ झालाय, औषध चालू आहे. मी इथेच आहे.’ तासाभराने पुन्हा तेच, त्याच सुरात. त्यांनी आपल्या कधीच्या वारलेल्या आईला हाक मारली, तर मृत्यूची बातमी नव्याने देऊ नये. ‘आईची आठवण येतेय ना? काय करायची हो ती तुमच्यासाठी?’ असं म्हणून सोबत करावी.

कवळी नाव लिहिलेल्या डबीत ठेवावी, टिश्यूत गुंडाळलेली कवळी सफाईत केरात जाते. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. मध्यरात्रीचं बीपी आणि तापमान टाळता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. भरवताना पाठ सरळ असू द्यावी, पेज किंवा मऊ भाताचा घास लहान असावा, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावं. गुंगीत असलेल्याला अजिबात भरवू नये. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ते लगेच सांगावं.

आणि पेशंट अचानक चाळवला, तर झोपेचं इंजेक्शन मागण्याआधी क्रमाने पाहावं : लघवी लागलीय का, पोट साफ झालंय का, तहान आहे का, काही दुखतंय का? ज्याला ‘दुखतंय’ हा शब्द सापडत नाही, त्याचं दुखणं कपाळाच्या आठीत आणि कूस बदलताना आवळलेल्या मुठीत दिसतं. पेशंटला किंवा इतरांना खरोखर इजा होण्याचा धोका असेल, तेव्हाच औषध, तेही थोडं आणि थोडे दिवस.

सोबत आणि धावपळ

ब्रिटनमध्ये डॉ. जॉन जेरार्ड यांना अल्झायमर होता, तरी घरी त्यांचं बरं चाललं होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये पायाच्या जखमांत संसर्ग झाल्याने त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. तिथे उलट्या-जुलाबांची साथ आल्याने घरच्यांच्या भेटींवर निर्बंध आले. पाच आठवड्यांनी ते घरी परतले तेव्हा हाडं उरली होती, चालणं आणि बोलणं गेलं होतं. नोव्हेंबरमध्ये ते वारले. त्यांची मुलगी, लेखिका निकी जेरार्ड, हिने मैत्रीण ज्युलिया जोन्ससह ‘जॉन्स कॅम्पेन’ सुरू केली. मागणी एकच होती : स्मृतिभ्रंश असलेल्या पेशंटजवळ घरचं माणूस थांबू द्या.

आपल्याला यासाठी मोहीम काढावी लागत नाही. आपल्याकडच्या वॉर्डात हॉस्पिटलच सांगतं, ‘एक नातेवाईक चोवीस तास हवा.’ पण त्या नातेवाइकाचा दिवस कसा जातो ते बघा. खालच्या मेडिकलमधून इंजेक्शन आणा, सॅम्पल लॅबमध्ये पोचवा, आधार कार्डाची झेरॉक्स द्या, कॅशलेसच्या काउंटरवर रांग लावा. या सगळ्यात खाटेजवळचं स्टूल रिकामं असतं. ज्या माणसाला कालचा पेशंट ठाऊक आहे, तोच नेमका जिन्यात असतो. सोबतीची सोय आपल्याकडे आयती आहे आणि आपण ती हरकाम्याच्या कामात खर्च करतो.

म्हणून घरात कामं वाटून घ्यावीत. एक जण खाटेजवळचा, एक जण धावपळीचा. खाटेजवळच्याने जागा सोडायची नाही, मात्र दर आठ-बारा तासांनी माणूस बदलायचा. हे ओझं एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडतं आणि चौथ्या दिवशी तीच आजारी पडते. परदेशातल्या मुलाने विम्याचे कागद, बिलं आणि डॉक्टरांशी फोन एवढं अंगावर घ्यावं. व्हिडिओ कॉल मात्र बेताने करावा, कारण गोंधळलेल्या माणसाला डबीतून बोलणारा चेहरा घाबरवू शकतो.

रात्रीसाठी ब्युरोतून माणूस ठेवला, किंवा पेशंटला आयसीयूत हलवलं, तर एक कागद सोबत द्यावा. ब्रिटनमधल्या अल्झायमर्स सोसायटीचं ‘धिस इज मी’ हे पत्रक याच कामाचं आहे. आपला कागद असा असू शकतो : ‘यांना अण्णा म्हणा. डाव्या कानाने ऐकू येत नाही. लघवी लागली की सदऱ्याची बटणं चाळवतात. पाणी नको म्हणतात, ताक पितात. अंधारात घाबरतात. रेडिओवरच्या बातम्या लावल्या की शांत होतात.’ आयसीयूत आपल्याला दहा मिनिटंच मिळतील, तर हा कागद, चष्मा आणि कानाचं यंत्र आत जाईल एवढं तरी पाहावं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार देशातल्या साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण स्मृतिभ्रंशासह जगतात. वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला असा पेशंट भेटणारच आहे, आणि हा कागद तिचंही काम हलकं करतो.

घरी आल्यावर

संसर्ग आटोक्यात आला, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी डोकं लगेच ताळ्यावर येत नाही. डिलिरियम पूर्ण ओसरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. काही जण आधीच्या पायरीवर परत येतच नाहीत, हेही मनात धरून ठेवलेलं बरं. म्हणून या काळात केअर सेंटरमध्ये ठेवायचं का, असा कायमचा निर्णय शक्य तर घेऊ नये. डिस्चार्जच्या वेळी औषधांची यादी ओळीने वाचून घ्यावी : हॉस्पिटलात सुरू झालेली झोपेची किंवा शांत करणारी गोळी कधी थांबवायची, आणि स्मृतिभ्रंशाची बंद केलेली गोळी पुन्हा कधी, किती मात्रेने सुरू करायची. दोन्हींची उत्तरं लेखी हवीत.

पुढच्या आठवड्यात याच विषयाचा अवघड भाग घेऊ : व्हेंटिलेटर, नाकातली नळी आणि ‘काय करायचं ते तुम्हीच ठरवा’ असं डॉक्टर म्हणाले तर कुणी, कशाच्या आधारावर ठरवायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं आणि २०२३ मध्ये सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्र तिथे कामी येतं. ते भान शाबूत असतानाच करावं लागत असल्याने, निदान नुकतंच झालेल्या घरांनी तो लेख चुकवू नये. तोवर ‘यांना अण्णा म्हणा’ने सुरू होणारा आपापला कागद लिहून विम्याच्या कार्डाबरोबर फाइलला लावून ठेवा.