नगदीत गेलेली वजावट

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ माझी एक खोली आहे. जुलै लागला की गुरुजी, वनरक्षक, कोळसा खाणीतले कामगार फॉर्म सोळा घेऊन तिथे येतात. बावीस वर्षं लोकांची रिटर्नं भरतोय; सगळ्यात जास्त जीव तुटतो तो दवाखान्याच्या बिलांपाशी. दुखणं खरं, खर्च खरा, आणि वजावट शून्य.

2023 च्या जुलैत धानोरा तालुक्यातले एक गुरुजी आले. वडील अडुसष्टीचे, आरोग्य विमा काढलेला नाही. नागपूरला ऑपरेशन झालेलं, बिल एक लाख ऐंशी हजारांचं. मी खूश झालो. ऐंशी-डी कलम पॉलिसीवाल्यांसाठीच असतं असा बहुतेकांचा समज. पण साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्चही त्यात 50,000 रुपयांपर्यंत वजा होतो.

"पैसे कसे दिले?" मी विचारलं.

"नगदीच न जी. तिथं आपल्याले कोण ओळखते?"

भविष्य निर्वाह निधीतून उचललेली रक्कम त्यांच्या खात्यात आली होती. ती गडचिरोलीच्या बँकेतून काढून पिशवीत घालून नागपूरला नेली. रोखीने केलेला उपचाराचा खर्च कायदा धरत नाही. चेक, कार्ड किंवा यूपीआय हवं. गुरुजी वीस टक्क्यांच्या टप्प्यात होते. उपकरासकट 10,400 रुपये वाचले असते.

निघताना त्यांनी मुलीची फाइल पुढे केली. सिकलसेल. गंभीर आजारांच्या खर्चासाठी ऐंशी-डीडीबी हे वेगळं कलम आहे: 40,000 रुपयांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाख. पण आजार नियमातल्या यादीतलाच हवा. यादीत कर्करोग होता, मूत्रपिंड निकामी होणं होतं, रक्ताच्या आजारांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया होते. सिकलसेल नव्हता. डॉ. अभय आणि राणी बंग 1986 साली गडचिरोलीत आले, तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच ज्याचा शोध घेतला तो हा आजार. गुरुजी आले त्याच जुलैच्या 1 तारखेला शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं होतं. आरोग्य खात्याला दिसलेला आजार कर खात्याच्या यादीपर्यंत पोचला नव्हता. गुरुजींना हे कसं सांगावं, मला सुचेना.

विम्याचा हिशेब सोपा. स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या हप्त्यापोटी 25,000; आईवडिलांसाठी आणखी 25,000, ते ज्येष्ठ असतील तर 50,000. हप्ताही रोखीत चालत नाही. याच मर्यादेत 5,000 पर्यंतची प्रतिबंधात्मक तपासणी तेवढी रोखीत केलेली चालते. भावाबहिणीचा हप्ता भरलात तर पुण्य मिळेल, वजावट नाही.

आणि हे सगळं जुन्या करपद्धतीतच. 2023-24 पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, तिच्यात या वजावटी नाहीत. 2025-26 पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही, त्यामुळे बहुतेक गुरुजींना आता बिलं जपायची गरज उरलेली नाही. त्याहून जास्त कमावणाऱ्यांनी दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून पाहावी. पण घरकर्ज, घरभाडं असं काही नसताना एकट्या विम्याच्या हप्त्यासाठी जुनी पद्धत धरू नये. ज्यांना ती परवडते, त्यांनी नागपूरची गाडी पकडताना पिशवी घरी ठेवावी आणि दवाखान्याचं बिल स्वतःच्या खात्यातून भरावं.