लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार: प्रार्थना, क्षमा आणि सावरणं यांचं नातं काय?

२०१५ च्या अखेरीस गोवंडीतला १३ वर्षांचा एक मुलगा चर्चमधून घरी आला आणि त्यानं आईला सांगितलं की, फादरांनी आपल्यावर अत्याचार केला. घरचे मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांना भेटले. या भेटीविषयी बीबीसीनं फेब्रुवारी २०१९ मध्ये सविस्तर बातमी दिली. कार्डिनलांनी आपल्यासाठी प्रार्थना केली आणि तातडीच्या कामासाठी ते रोमला निघाले, असं कुटुंबानं बीबीसीला सांगितलं होतं. प्रकरण पाहण्याचं काम आपण साहाय्यक बिशपांकडे सोपवलं होतं, असं कार्डिनलांचं म्हणणं होतं. मात्र निघण्याआधी त्यांनी पोलिसांना कळवलं नव्हतं.

अखेर कुटुंबच पोलिसांकडे गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयानं त्या धर्मगुरूला दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

या प्रकरणातला एक प्रश्न फक्त त्या कुटुंबापुरता नाही. बोरिवलीची आयसी कॉलनी असो, मालाडचं ओर्लेम असो, की गोराई-मनोरीची मराठी बोलणारी ईस्ट इंडियन गावं, उपनगरांतल्या हजारो ख्रिस्ती घरांमध्ये संकट आलं की पहिला हात रोझरीकडे जातो आणि पहिला फोन फादरांना किंवा पास्टरांना. मग लहानपणी अत्याचार सोसलेल्या माणसाला ही श्रद्धा सावरते की गप्प बसवते?

थोडक्यात उत्तर असं: दोन्ही होऊ शकतं. प्रार्थना उपचार आणि तक्रार यांच्या सोबत असेल तर ती आधार देते. त्यांच्या जागी आणून बसवली, तर तीच तोंड बंद करते.

हा प्रकार किती मोठा आहे?

केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्त होतं. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

म्हणजे हा कुठल्या एका धर्माचा प्रश्न नाही. काका, शेजारी, शिक्षक, क्लासवाले सर, कुणीही असू शकतं. पण अत्याचार करणारा धर्मगुरू असेल, तर मुलाची माणसांवरची श्रद्धा तुटतेच, शिवाय ज्याच्याकडे रडून मन मोकळं करायचं तो देवही त्या माणसाच्याच बाजूचा वाटू लागतो. त्यामुळे काही जण मोठेपणी चर्चची पायरी चढत नाहीत. ही त्यांची श्रद्धा कमी असल्याची खूण नाही, जखमेची खूण आहे.

'माफ कर आणि विसर' असं बायबल सांगतं का?

क्षमा हा ख्रिस्ती धर्माचा गाभा आहे, यात वाद नाही. पण क्षमा म्हणजे तक्रार न करणं, असा अर्थ कुठून आला?

बायबलमध्येच २ शमुवेल या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात तामारची गोष्ट आहे. राजा दावीदाच्या या मुलीवर तिचा सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो. दुसरा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. दावीद संतापतो, पण मुलाला शिक्षा करत नाही. तामार भावाच्या घरी एकटी, उद्ध्वस्त आयुष्य काढते आणि पुढे त्याच घराण्यात खून पडतो. घराण्याच्या अब्रूसाठी पाळलेली शांतता किती महाग पडते, हे ही गोष्ट काही न झाकता सांगते. तरीही रविवारच्या प्रवचनात ती क्वचितच ऐकायला मिळते.

येशूचं बोलणंही इथे मवाळ नाही. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, अशा आशयाचा इशारा मत्तयच्या १८ व्या अध्यायात आहे.

आपल्या देशातलं एक उदाहरण पाहा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. म्हणून खटला थांबला का? नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये कायम केली. क्षमा ही ग्लॅडिस यांच्या मनातली गोष्ट होती, शिक्षा हे न्यायालयाचं काम होतं. शिवाय ती क्षमा त्यांनी स्वतःहून दिली होती. कुणी मागून, दबाव टाकून घेतलेली क्षमा ही क्षमा नसते, तो समझोता असतो.

कन्फेशनमध्ये सांगितलं तर?

काही मुलं ही गोष्ट कन्फेशनमध्ये सांगतात, कारण आपणच काहीतरी पाप केलं असं त्यांना वाटत असतं. इथे एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या. कन्फेशन आपल्या हातून झालेल्या पापासाठी असतं. तुमच्यावर झालेला अत्याचार हे तुमचं पाप नाही. त्यासाठी प्रायश्चित्त घ्यायची गरज नाही.

कन्फेशनमधली गोष्ट फादर बाहेर सांगू शकत नाहीत, असा चर्चचा नियम आहे. त्यामुळे मदत हवी असेल तर हीच गोष्ट कन्फेशनच्या बाहेर, समोर बसून सांगा.

कायदा काय म्हणतो?

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. धर्मगुरूंना यातून वेगळी सूट दिलेली नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आपल्या हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा संस्थाप्रमुखानं कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. न सांगितल्याबद्दल मुलाला मात्र कधीच शिक्षा होत नाही.

पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची ओळख छापता येत नाही.

घटना जुनी असेल तर? बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते, असं केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१२ पूर्वीच्या घटनांना पॉक्सो लागत नाही, तेव्हाचा कायदा लागतो. म्हणून आधी वकिलाशी बोला.

चर्चचे स्वतःचे नियमही बदलले आहेत. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशानुसार, तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याचं बंधन घालता येत नाही. पीडितांना आध्यात्मिक आधारासोबत वैद्यकीय आणि मानसिक मदत देण्याची जबाबदारीही त्यात चर्चवर आहे. म्हणजे 'चर्चची बदनामी होईल, बाहेर बोलू नकोस' असं कुणी म्हणालं, तर तो चर्चचा नियम नाही.

मग श्रद्धा नेमकी कुठे कामाला येते?

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये अशा आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. या तिन्ही टप्प्यांवर श्रद्धा हातभार लावू शकते.

सुरक्षितता म्हणजे सर्वात आधी अत्याचार करणाऱ्यापासून दूर जाणं. त्यासाठी पॅरिश बदलावी लागली तर बदला. देव एका पिनकोडमध्ये राहत नाही.

शोकासाठी बायबलमध्ये शब्द तयार आहेत. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ईयोब तर देवाला थेट जाब विचारतो. देवावर रागावणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे, हे कळलं की अनेकांचं ओझं हलकं होतं.

आणि माणसांत परतण्यासाठी क्वायर, प्रार्थनागट, सणावाराची माणसं उपयोगी पडतात. पण शिबिरात शेकडो लोकांसमोर 'साक्ष' द्यायला कुणी आग्रह केला, तर नाही म्हणा. तुमची गोष्ट कुणाला आणि कधी सांगायची, हे तुम्हीच ठरवायचं.

नोव्हेना केल्यावरही रात्री दचकून जाग येत असेल, अंगाला हात लागला की शरीर आखडत असेल, तर श्रद्धा कमी पडली असं समजू नका. हाड मोडल्यावर आपण प्रार्थनाही करतो आणि प्लास्टरही घालतो. मनाच्या या जखमेवरही उपचार आहेत. आघातावर बेतलेली सीबीटी आणि ईएमडीआर या दोन उपचारपद्धतींची जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये शिफारस केली आहे.

आज कुणी तुम्हाला सांगितलं तर काय कराल?

'माझा तुझ्यावर विश्वास आहे' आणि 'यात तुझी चूक नाही', ही दोन वाक्यं आधी. 'आपण प्रार्थना करू' हे त्यानंतर. 'त्याला माफ कर' हे तर तुम्ही म्हणूच नका.

मूल असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे, तातडीची वेळ असेल तर ११२. मोठ्यांना मानसिक आधारासाठी सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. बाललैंगिक अत्याचारावर काम करणारी 'अर्पण' ही संस्था मुंबईतच आहे आणि ती समुपदेशनही करते.