लाल दिवे विझले आणि जेहान सुटला!

दोस्तांनो, धरमपेठेतलं ट्रॅफिक पार्क तुमच्या पायाखालचं. लाल दिवा लागला की थांबायचं आणि हिरवा लागला की निघायचं, हे कितीतरी जणांनी तिथेच शिकलं असेल. पण एक रस्ता असा आहे की जिथे हिरव्या दिव्याची वाट कुणी बघतच नाही! तिथे एकापाठोपाठ एक पाच लाल दिवे लागतात. सगळे लागले की क्षणभर शांतता. मग ते एकदम विझतात, आणि विझले रे विझले की वीस-बावीस गाड्या गर्जना करत सुटतात. दिवे नेमके कधी विझणार, हे कुणालाच ठाऊक नसतं.

६ डिसेंबर २०२० रोजी बहारीन देशातल्या साखीर इथे असेच दिवे विझले. फॉर्म्युला टू अजिंक्यपद स्पर्धेची ही त्या वर्षीची शेवटची शर्यत. पहिल्याच ओळीत उभा होता मुंबईचा जेहान दारूवाला, वय वर्षं बावीस.

आता फॉर्म्युला टू म्हणजे काय? फॉर्म्युला वनच्या अगदी खालची पायरी. गाडीत एकच जण बसतो, डोक्यावर छप्पर नाही, चाकं उघडी. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बनवतो, त्यामुळे कुणाची गाडी सरस, कुणाची कमी. इथे मात्र सगळ्यांना सारखीच गाडी, सारखंच इंजिन आणि सारखेच टायर! मग जिंकायचं ते हातांच्या, डोळ्यांच्या आणि डोक्याच्या बळावर. (अर्थात चांगला संघ गाडीची जुळणी अधिक बारकाईने करतो, हेही खरंच.) इंजिनाची ताकद सहाशे घोड्यांहून जास्त. आणि गंमत म्हणजे, तुमच्या बाबांच्या गाडीत असतं ते पॉवर स्टिअरिंग या गाडीला नाही. प्रत्येक वळण दंडांच्या जोरावर घ्यायचं. अंगावर आग न लागणारे जाड कपडे, डोक्यावर हेल्मेट. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी दोन स्वेटर घालून व्यायाम करून बघा, म्हणजे थोडी कल्पना येईल. (नको, खरोखर करू नका!)

वेगाचं म्हणाल, तर ताशी ३०० किलोमीटरने गाडी एका सेकंदात ८३ मीटर जाते. म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या, एका सेकंदात! नागपूरहून अमरावती अर्ध्या तासात.

तर त्या दिवसाची गोष्ट. साखीरला त्या आठवड्यात नेहमीचा ट्रॅक नव्हता. बाहेरच्या बाजूचा, जेमतेम साडेतीन किलोमीटरचा छोटा ट्रॅक वापरायचं ठरलं होतं. इतका छोटा, की फॉर्म्युला वनच्या गाड्या एक फेरी ५५ सेकंदांच्या आत संपवत होत्या! आदल्या दिवशीच्या मोठ्या शर्यतीतले पहिले आठ जण रविवारच्या छोट्या शर्यतीत उलट्या क्रमाने उभे राहायचे, असा तेव्हाचा नियम. आठवा आलेला सगळ्यांत पुढे. त्यामुळे इंग्लंडचा डॅन टिक्टम पहिल्या जागी, शेजारी जेहान, आणि मागे मिक शूमाकर. हो, हो, तोच! सात वेळा जगज्जेत्या ठरलेल्या मायकेल शूमाकरचा मुलगा. त्याच दिवशी मिकच्या अजिंक्यपदाचा फैसला होणार होता.

दिवे विझले. टिक्टम जरा बरा सुटला. जेहानने त्याला कडेला दाबायचा प्रयत्न केला आणि दोघांच्या या झटापटीत मिक बाहेरून वळसा घालून दोघांच्याही पुढे! दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. पण लाभ फार टिकला नाही. जेहानने थोड्याच वेळात दोघांनाही मागे टाकलं. सुरुवातीच्या त्या झुंजीत मिकचे टायर खराब झाले. ब्रेक फार जोरात दाबला गेला की चाक फिरायचं थांबतं, गाडी मात्र घसरत राहते. रबर एकाच जागी घासलं जातं आणि टायर तिथे चपटा पडतो. मग गाडी बैलगाडीसारखी थडथडते. मिक पार मागे पडला. तरीही वर्षभराच्या गुणांवर अजिंक्यपद त्यालाच मिळालं.

पुढे राहणं सोपं, असं वाटतं ना? तसं नाही बरं का! सुमारे १२० किलोमीटर त्याच टायरवर काढायचे. फार जोर लावला तर टायर झिजणार, आणि हात आखडता घेतला तर मागचा गाठणार. जेहानने हे गणित शेवटपर्यंत सांभाळलं. त्याच्याच कार्लिन संघाचा जपानी साथीदार युकी सुनोदा साडेतीन सेकंदांच्या सुमारास मागे राहिला आणि टिक्टम तिसरा आला. फॉर्म्युला टूमध्ये भारतीयाने शर्यत जिंकल्याची ही पहिलीच वेळ. विजयमंचावर आपलं राष्ट्रगीत वाजलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फॉर्म्युला टू हे नाव २०१७ पासूनचं. त्याआधी याच पायरीला जीपी टू म्हणत, आणि तिथे चेन्नईच्या करुण चंढोकने २००७ आणि २००८ मध्ये एकेक शर्यत जिंकली होती. त्याचाही मान त्याला द्यायलाच हवा.

पण मुंबईचा मुलगा इथवर पोहोचला कसा? महाराष्ट्रात कार्टिंगचे छोटे ट्रॅक आहेत, कोल्हापुरातही आहे. पण अशा गाड्यांचे मोठे ट्रॅक चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला. २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभरातून गुणी मुलं शोधायची मोहीम काढली. नावच होतं ‘शंभर कोटींतून एक’ अशा अर्थाचं. त्यात तिघे निवडले गेले: जेहान, अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी. जेहान तेव्हा सातवी-आठवीतल्या मुलाच्या वयाचा. मग युरोपात कार्टिंग, आणि तिथून एकेक पायरी. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. स्टर्लिंग मॉस, जॅक ब्रॅबम, जॅकी स्टुअर्ट यांची नावं ज्या यादीत आहेत, त्या यादीत आता एका मुंबईकराचं नाव आहे. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत तो तिसरा आला.

आई-बाबांनो, हा खेळ खर्चाचा आहे. वरच्या पायरीवर एका हंगामाला कोट्यवधी रुपये लागतात. गुण असूनही पैशांअभावी थांबलेले पुष्कळ आहेत.

आणि गुण असले तरी पुढचं दार उघडतंच असं नाही. जेहान आणि सुनोदा, एकच संघ, एकाच प्रकारची गाडी, दोघांच्याही पाठीशी रेड बुल. त्या रविवारी जेहान पुढे होता. पण वर्षभराच्या हिशेबात सुनोदा तिसरा आणि जेहान बारावा. फॉर्म्युला वनचा परवाना मिळायला ४० गुण लागतात आणि त्या वर्षी फॉर्म्युला टूतले पहिले तीनच जण ते एका फटक्यात मिळवू शकत होते. २०२१ मध्ये सुनोदा फॉर्म्युला वनमध्ये गेला. मिकही गेला. जेहान फॉर्म्युला टूतच राहिला. तिथे त्याने आणखी शर्यती जिंकल्या, त्यातल्या दोन इटलीतल्या प्रसिद्ध मोंझा ट्रॅकवर. २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षं तो सातवा आला. २०२२ मध्ये मॅकलरेनची फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी चालवायला मिळाली, पण शर्यतीतली जागा काही मिळाली नाही. जागा होत्याच किती? साऱ्या जगात मिळून वीस! पुढे २०२४ मध्ये तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराटीकडून उतरला.

साखीरचा तो रविवार आणखी एका कारणाने लक्षात राहतो. त्याच संध्याकाळी, त्याच ट्रॅकवर मेक्सिकोचा सर्जिओ पेरेझ आयुष्यातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकला. त्याचा संघ होता रेसिंग पॉइंट. म्हणजे नाव आणि मालक बदललेला जुना फोर्स इंडिया! ज्या संघाने मुंबईचा मुलगा शोधला, तो संघ आणि तो मुलगा, दोघे एकाच दिवशी जिंकले.

मे २०२५ मध्ये मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर पुन्हा एक भारतीय फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला: बंगळुरूचा कुश मैनी. आडनाव ओळखीचं वाटलं? २०११ मध्ये निवडलेल्या त्या तिघांतल्या अर्जुनचा तो धाकटा भाऊ.