तीन तासांचा एक संसार

साकीनाक्याच्या चौकांत सायंकाळीं ७ वाजतां उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट कळून चुकलेली असते : येथें घाई करून उपयोग नाहीं. कुर्ल्याकडून येणारीं वाहनें, अंधेरीकडे जाणारीं वाहनें, डोक्यावरून २०१४ सालापासून धांवणारी मेट्रो, आणि तिच्याही वर विमानतळाकडे झुकलेलें विमान. सगळें चाललेलें असतें, खालचा माणूस मात्र जागच्या जागीं. अशा वस्तींतून दमून घरीं आलेल्या कुटुंबानें रविवारच्या दुपारीं १७३ मिनिटांचा मंडारिन भाषेंतील चित्रपट लावला, आणि त्यांत सांगण्याजोगें कथानक लवकर हातीं लागेना, तर घरांत दोन तट पडणारच. एडवर्ड यांग यांचा ‘यी यी’ हा २००० सालचा चित्रपट जेथें जेथें पाहिला गेला तेथें असे तट पडत आले आहेत.

‘यी’ म्हणजे एक. चिनी लिपींत एक हा आंकडा एका आडव्या रेघेनें लिहितात. दोन रेघा एकाखालीं एक आल्या कीं त्यांचे दोन होतात. चित्रपटाचें नांवही तसेंच आहे, आणि त्याची रचनाही. तैपेई शहरांतील एका मध्यमवर्गीय कुटुंबांत प्रारंभीं लग्न होतें, शेवटीं आजीची अंत्ययात्रा होते. मधल्या काळांत संगणकांच्या कंपनींत नोकरी करणाऱ्या गृहस्थाला तीस वर्षांपूर्वींची प्रेयसी भेटते, मुलीचें पहिलें प्रेम उमलून कोमेजतें, आणि आठ वर्षांचा मुलगा कॅमेरा घेऊन लोकांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूचीं छायाचित्रें काढीत सुटतो. स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाहीं, म्हणून ती आपण दाखवावी, असा त्याचा सरळ हिशेब.

या चित्रपटाला २००० साली कान येथें उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळालें. २०१६ सालीं बी.बी.सी.नें जगांतील समीक्षकांचा कौल घेतला तेव्हां नव्या शतकांतील चित्रपटांत त्याला आठवें स्थान लाभलें. आणि ज्या तैवानचा तो, तेथील चित्रगृहांत मात्र तो त्या वेळीं लागलाच नाहीं. पारितोषिकांच्या बळावर प्रेक्षकाला गप्प बसविण्याची जी एक रीत आहे तिला येथें कांहीं अर्थ उरत नाहीं. कंटाळा आला म्हणणाऱ्याचें म्हणणें ऐकूनच घेतलें पाहिजे.

त्याचें म्हणणें असें : कॅमेरा दूर उभा राहतो, पात्रांचे चेहरे नीट दिसत नाहींत, कित्येकदां तर कांचेवर पडलेले शहराचे दिवे आणि कांचेमागचें रडणारें माणूस एकांत एक मिसळून जातात. इतक्या संथपणें चाललेल्या गोष्टींत एकदम खून घडतो, तोही परका वाटतो. शिवाय आठ वर्षांचें पोर इतकें शहाणें कसें बोलेल? यांतला शेवटचा आक्षेप खरा आहे. आणखीही एक आहे, तो फारसा कोणी घेत नाहीं. घरची गृहिणी मिन-मिन डोंगरावरच्या मठांत निघून जाते, आणि चित्रपटही तिला जवळजवळ विसरतो. पतीच्या जुन्या प्रेमासाठीं जपानचा सबंध प्रवास, आणि पत्नीच्या मनासाठीं दोन-तीन प्रसंग! हा हिशेब चुकलाच आहे.

परंतु ती घर सोडते त्यापूर्वींचा प्रसंग ज्यानें पाहिला तो सहसा दुसऱ्या तटांत जातो. आजी शुद्ध हरपून पडली आहे. डॉक्टर सांगतात, रोज तिच्याशीं बोलत जा. एकेकजण तिच्या उशाशीं बसूं लागतो. मिन-मिन बसते आणि दिवसभरांत काय केलें तें सांगूं लागते. तें मिनिटभरांत संपतें. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशीं तेंच. आपला दिवस एवढाच, हें कळून ती कोसळते. नात बसते ती अपराधाच्या भारानें : कचऱ्याची पिशवी टाकायची तिच्याकडून राहिली, ती टाकायला जाऊन तर आजी पडली नाहीं ना? लहानगा मात्र बोलायलाच तयार नसतो. ज्या घरांत अंथरुणाला खिळलेलें माणूस आहे, आणि मुंबईच्या दोन खोल्यांत अशीं घरें थोडीं नाहींत, तेथें या प्रसंगांना संथ म्हणणें कठीण जातें.

लांबीची तक्रार मराठी प्रेक्षकानें करावी हें मात्र जरा नवल. १९९४ सालीं चंद्रकांत कुलकर्णी यांनीं महेश एलकुंचवारांचीं ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हीं तीन नाटकें ‘आविष्कार’तर्फे सलग सादर केलीं, तेव्हां प्रेक्षक तासचे तास बसून राहिला होता. धरणगांवकर देशपांड्यांच्या वाड्यांतही बाहेरून पाहतां फार कांहीं घडत नाहीं. परंतु तेराव्याचा खर्च कोणी करावयाचा या एका प्रश्नांत भावांमधलें केवढें राजकारण आहे, हें आपल्याला कोणी समजावून द्यावें लागत नाहीं. तैपेईच्या जेवणाच्या टेबलावर कोण गप्प आहे आणि कां, हें मात्र हळूहळू उमगतें. पहिला तास त्यांतच जातो. जे अर्ध्यावर उठतात ते बहुधा याच तासांत.

दुसऱ्या तासांत पिता तोकियोच्या रस्त्यावर जुन्या प्रेयसीला पहिल्या भेटीची आठवण सांगत चालतो, आणि त्याच वेळीं तैपेईंत त्याची मुलगी पहिल्यानेंच एका मुलाबरोबर फिरायला निघालेली असते. त्याचे शब्द ऐकूं येत असतां तिचे हात दिसतात. यांग यांचें शिक्षण विद्युत् अभियांत्रिकींतलें; अमेरिकेंत कांहीं वर्षें संगणकाच्या क्षेत्रांत नोकरी करून मग ते चित्रपटाकडे वळले. तो जोडकामाचा हात येथें दिसतो.

त्यांनीं सात चित्रपट पुरे केले, त्यांतला हा शेवटचा. २००७ सालीं, साठीच्याही आधीं, ते वारले. चित्रपटाच्या अखेरीस तो लहानगा आजीच्या तसबिरीपुढें उभा राहतो आणि इतके दिवस न बोललेलें सारें वहींतून वाचून दाखवितो. तें इतक्या लहान मुलाच्या तोंडीं शोभतें कीं नाहीं, यावर दोन्ही तटांचें भांडण पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें.