एकच तागा दोघांना विकला जाऊ नये म्हणून

भिवंडी-मालेगावच्या कापडधंद्यात माल एका गोदामात आणि विकणारे तीन ठिकाणी असतात. गाळ्यावर मुलगा, बाजारात दलाल आणि फोनवर मालक. संध्याकाळी वह्या जुळवताना कळते की, शिल्लक चाळीस ताग्यांची आणि शब्द साठ ताग्यांचा दिला गेला! दिलेला शब्द फिरवला की गिऱ्हाईक तुटते.

यावरचा उपाय घरातला शिकलेला मुलगाही करू शकतो. मालाची वही एकच, ती डेटाबेसमध्ये. तिच्यापुढे एक मुनीम बसवायचा. संगणकवाले त्याला एपीआय म्हणतात. वहीला थेट हात कोणी लावायचा नाही. मोबाइलवरून मुनिमाला विचारायचे, तो वही पाहून जबाब देतो. हा मुनीम पायथन भाषेत लिहिता येतो. गिडो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ साली बाहेर आणली. तिच्यात फ्लास्क, फास्टएपीआय ही तयार साधने फुकट मिळतात. लहान पेढीला एसक्यूलाइटची वही पुरते. एकाच वेळी लिहिणारे वाढले तर पोस्टग्रेस घ्यावे.

खरी मेख पुढेच आहे. नवशिका मुलगा प्रोग्राम असा लिहितो: आधी शिल्लक वाच, पुरेशी असेल तर वजा करून नवा आकडा लिही. दिसायला ठीक. पण तीस-तीस ताग्यांच्या दोन मागण्या एकाच क्षणी आल्या तर दोन्हींना शिल्लक ४० दिसते, दोन्ही मंजूर होतात, आणि वहीत १० उरलेले दिसतात. साठ विकले, हे वहीला मालूमच नाही!

म्हणून डेटाबेसला एकाच हुकमात सांगावे: शिल्लक ३० किंवा जास्त असेल तरच ३० वजा कर. एकही ओळ बदलली नाही, तर माल नाही असे समजावे. बिलाची नोंद आणि ही वजाबाकी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधावी. मध्येच वीज गेली (आपल्याकडे ती जातेच) तर दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही.

रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यात ठेवावी. दशांशात पायथन ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दाखवते! शिवाय प्रत्येक दलालाला वेगळी किल्ली द्यावी, नाहीतर आपले भाव शेजारच्या पेढीलाही दिसतील.

काम करणाऱ्याला पैसे चुकते करण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी एक परीक्षा घ्यावी. वहीत एकच तागा ठेवून त्याच्याकडून एकदम शंभर मागण्या पाठवून घ्याव्यात. एकाला माल आणि नव्याण्णवांना नकार मिळाला तरच काम ताब्यात घ्यावे.