कॅप्सूलची कॉफी: यंत्र घ्यावं का?

मंडळी, आमचं विटा चहाचं गाव. पण गलाईच्या धंद्यामुळे इथली माणसं तमिळनाडू-केरळपर्यंत पसरली. आमच्या शेजारच्या घरात कोइमतूरहून आलेला पितळी कॉफी फिल्टर आहे. आता त्याच घरातला नातू कॅप्सूलचं यंत्र पाठवतोय. आजोबांनी आम्हाला विचारलं, ‘सर, घेऊ का?’

फिल्टरमध्ये गरम पाणी स्वतःच्या वजनानं थेंबथेंब उतरतं. पंधरा-वीस मिनिटं जातात. यंत्र हा वेळ वाचवतं ते दाबाच्या जोरावर. नेस्प्रेसोच्या मूळ पद्धतीत दांडी ओढली की तीन पाती कॅप्सूलच्या मागच्या बाजूला भोकं पाडतात. पंपानं ओढलेलं पाणी तापलेल्या ठोकळ्यातून कॅप्सूलमध्ये घुसतं. पुढचा ॲल्युमिनियमचा पडदा फुगत फुगत समोरच्या जाळीवर फुटतो आणि तिथून कॉफी गाळून येते. पडदा फुटेपर्यंत दाब साठतो, ही खरी खुबी. एरिक फाव्र या स्विस अभियंत्याचं हे काम; पेटंट १९७६ चं, बाजारात आलं १९८६ मध्ये.

खोक्यावर ‘१९ बार’ छापलेलं असतं. ती पंपाची कमाल ताकद. एस्प्रेसोला लागतात नऊच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या चौपट. तेव्हा १५ की १९, यावर डोकं शिणवू नका. अमेरिकेतलं क्युरिग मात्र निराळं: आत कागदी फिल्टर, दाब कमी, कॉफी पातळ आणि कपभर. तिकडच्या लेकीकडे पाहिलं तसंच हवं म्हणाल तर फसाल! आणखी एक प्रकार, व्हर्चुओ, कॅप्सूलच मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत गरगरवतो आणि तिच्या कडेचा बारकोड वाचून पाणी सोडतो.

म्हणजे बघा, आपण यंत्र निवडतो असं वाटतं, पण बांधले जातो कॅप्सूलला. मूळ मापाच्या कॅप्सूल इतर कंपन्याही करतात. बारकोडवालीत ती मोकळीक फारशी नाही. एका मूळ कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅम पूड असते. किमतीला तेवढ्यानं भागा आणि फिल्टरच्या पुडीशी ताडून बघा. आणि एस्प्रेसो निघते ४० मिलिलिटर. आपल्या पेलाभर म्हशीच्या दुधात ती कुठल्या कुठे हरवते. मग दोन कॅप्सूल लागतात.

यंत्राला बाराशे ते पंधराशे वॅट लागतात. वीज गेली की घरचा छोटा इन्व्हर्टर ते ओढत नाही. बोअरचं जड पाणी घातलंत तर आतल्या नळीत क्षार बसतात, चव आणि धार दोन्ही जातात. गाळलेलं मऊ पाणी वापरा, मधूनमधून क्षार काढा.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. आमची माणसं सोनाराच्या दुकानातल्या केरातून सोन्याचा कण काढतात. कॅप्सूलमध्ये ॲल्युमिनियम जेमतेम ग्रॅमभर. ते वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवं करण्याच्या पाच टक्केच ऊर्जा लागते. पण आत ओला चोथा चिकटलेला. सुटी कॅप्सूल भंगारवाला कशाला घेईल? जर्मनीत हॅम्बुर्गनं २०१६ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी अशा कॅप्सूलची खरेदीच थांबवली.

आजोबांना आम्ही म्हणालो, ‘एकटेच बिनदुधाची एखादी घेणार असाल तर हरकत नाही. पण तुमच्याकडे सकाळी आठ पेले लागतात.’ त्यांनी तिथूनच नातवाला फोन लावला: ‘यंत्र तुझ्याकडंच ठेव बाळा. आम्ही येऊ तेव्हा पिऊ. इकडं पूड तेवढी पाठव.’