एक डिस्क, साऱ्या घराची

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. पण त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एकाच इमारतीत येतात. घरातही असे जमते.

राऊटरला यूएसबीची सोय असेल तर मोठी हार्ड डिस्क तिथे जोडा, पासवर्ड लावा. मुलांचा संगणक, आईचा मोबाइल, सारे तीच डिस्क वापरतील. नवी डिस्क २ टेराबाइटहून मोठी असल्यास 'जीपीटी' पद्धत निवडा. जुन्या 'एमबीआर'मध्ये त्यापुढील जागा सहसा वाया जाते.

गुणपत्रिका, जात पडताळणीचे १९५० पूर्वीचे पुरावे स्कॅन करून ठेवा. मात्र डिस्क बिघडली तर सर्वांचेच जाते. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, नातलगांकडे ठेवा. मूळ कागद तर जपायचेच!